एकतीस नंबरचं पॅनेल

१

नमुन्यांचं कपाट उघडलं तेव्हा एकतीस नंबरचा डबा जागेवर होता. दोन्ही कड्या लावलेल्या. आत काळ्या फोमची चौकोनी खाच होती आणि खाचेत काहीच नव्हतं.

त्या खाचेत फूटभर लांब, फूटभर रुंद असं कार्बन फायबरचं पॅनेल असायला हवं होतं. माणसं घेऊन अंतराळात जाणाऱ्या एका यानाचं बाहेरचं आवरण असल्या पॅनेलांचं होणार होतं. वर पृथ्वीभोवती जुन्या रॉकेटांचे, मेलेल्या उपग्रहांचे तुकडे बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात फिरत असतात. त्यातला मोहरीएवढा तुकडा आवरणावर आपटला तर आतली माणसं वाचतील का, हे बघायला परळच्या या लॅबमध्ये पॅनेलवर तोफेने ॲल्युमिनियमची बारीक गोळी मारली होती. गुरुवारी दुपारी चार वाजता. शुक्रवारी पाचला पॅनेल गायब.

रिपोर्ट म्हणत होता, पॅनेल पास. पुढच्या पापुद्र्याला भोक, मागचा शाबूत. हाय-स्पीड कॅमेरा सांभाळणारा गौतम तांबे म्हणत होता, मागून काहीतरी बाहेर पडताना मी पाहिलं. शुक्रवारी दुपारी त्याने तसं लेखी दिलं, सरळ यान बांधणाऱ्या कंपनीला. आणि कपाटाच्या चावीच्या वहीत शुक्रवारी पाचच्या आधीची एकच सही होती, तीही गौतमचीच. शनिवारी त्याला निलंबित करून घरी बसवलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी माया लोखंडे हिंदमाता नाक्यावरून चालत, लॅब ज्या बंद गिरणीत होती तिच्या गेटवर आल्या. सरकारी प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: गोळीने पडलेलं भोक बघायचं आणि गोळी कुठून, किती जोरात आली ते सांगायचं. आता निवृत्त होत्या. यान बांधणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या मेघना वर्टी यांनी त्यांना पाठवलं होतं.

गेटवरच्या गार्डने पर्स उलटी केली. जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावला.

"बाहेर येताना पण असंच?"

"बाहेर येताना दोनदा," गार्ड म्हणाला. "आवारातल्या टॉवरवाल्यांचा नियम आहे."

स्वागतकक्षात त्यांना चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. समोरच्या भिंतीवर लॅबची आजवरची कामगिरी टांगलेली होती. भोकं पडलेली चौकोनी काळी पॅनेलं, चार ओळींत चोवीस. मग हर्षवर्धन सुखटणकरांनी आत बोलावलं. लॅबचे संचालक. पन्नाशी ओलांडलेली, शर्टाची इस्त्री कडक, बोलणंही तसंच.

"लोखंडे म्हणजे कुठले?"

"परळचे."

"नाही, मूळचे?"

"मूळचेही परळचेच. सुखटणकर, मी विचारायला आलेय. सांगायला नाही."

ते हसले नाहीत. "सोमवारी दहा वाजता रिपोर्ट मंजूर होतोय. तोवर तुम्हाला फिरू द्यावं असं मेघना मॅडमचं म्हणणं आहे, तर फिरा. चोर कोण ते आम्हाला माहीत आहे. पॅनेल कुठे दडवलंय, तेवढं त्याच्याकडून वदवून घ्या."

"गेटबाहेर गेलं नसेल?"

"शक्यच नाही. गार्ड, कॅमेरे, बॅगा तपासायचं यंत्र. इथेच आहे. छताच्या पाट्या मी स्वतः काढल्यात. एसीचे डक्ट उघडलेत." त्यांनी तळहात पुढे केले. दोन्ही हातांवर ताज्या खपल्या होत्या. माया त्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"हे पॅनेल डिझाइन कोणी केलंय?"

"मी. अकरा वर्षं लागली."

"आणि पास कोण करतं?"

"तोफ करते, बाई. तोफेला नातेवाईक नसतात."

उठताना त्यांची नजर टेबलावर गेली. गौतम तांबेचं बडतर्फीचं पत्र टाइप होऊन तयार होतं. त्याच्याखाली पोलिसात द्यायची तक्रार. दोन्हींवर तारीख सोमवारची होती.

२

तोफ गिरणीच्या जुन्या साचाखात्यात होती. कधीकाळी जिथे मागांचा खडखडाट चालायचा तिथे आता चौदा मीटर लांब पोलादी नळी जमिनीला समांतर बसवली होती, आणि नळीच्या टोकाला माणूस वाकून आत शिरेल एवढी गोल टाकी. तोफ चालवणारे रघुवीर मेस्त्री साठीचे होते. त्यांनी बसायला स्टूल दिलं नाही.

"तुम्ही त्या पोराच्या बाजूने आलात. दिसतंच आहे ते."

"कसं काय दिसतं?"

मेस्त्री हातातला पाना घेऊन नळीकडे वळले.

"बरं. तोफ समजावून सांगा."

"दारू पिस्टनला ढकलते. पिस्टन हायड्रोजन दाबतो. दाबलेला हायड्रोजन गोळीला सोडतो." ते यंत्राकडे बघून बोलत होते, मायांकडे नाही. "सेकंदाला सात किलोमीटर. हितून सुटली तर एक म्हणेपर्यंत बांद्रा."

"आणि पॅनेल टाकीत असतं."

"टाकीतली हवा काढून घेतो आधी. वर हवा नसते ना."

त्यांनी टाकीचं दार उघडलं. आतल्या भिंतीला मायांनी बोट लावलं. बोट कोळशासारखं काळं झालं.

"प्रत्येक शॉटनंतर धुता?"

"दोन महिन्यांनी एकदा. कार्बनची पूड आणि दारूचा धूर. कायपण ठेवा आत, काळंच होऊन येतं."

"पॅनेलच्या मागून काही निघालं की नाही, ते कसं कळतं?"

"मागे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बांधतो. काही निघालं तर त्याच्यावर खूण उमटते. साक्षीपत्रा म्हणतो आम्ही." कपाटातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला पत्रा काढला. कोपऱ्यात मार्करने एकतीस लिहिलेलं. पत्रा आरशासारखा होता, एक ओरखडा नाही. "बघा. हाय काय भोक? पॅनेल पास."

मायांनी पांढरा रुमाल काढला आणि पत्र्यावरून फिरवला. रुमाल पांढराच राहिला.

"हा पुसलात?"

"कोणी हात लावला नाही. काढला, फोटो घेतला, पिशवीत घातला."

"तीस नंबरचा पत्रा दाखवा."

मेस्त्रींनी तो नाखुशीने काढला. तीस नंबरही पास झालेलं पॅनेल होतं, त्याच्या पत्र्यावरही भोक नव्हतं. पण तो पत्रा काळवंडला होता. फक्त चार कोपऱ्यांत चार छोटे चौकोन चकचकीत राहिले होते. चिमट्यांनी धरलं होतं तिथे.

मायांनी दोन्ही पत्रे शेजारी ठेवले. मेस्त्रींना आता न बघून चालणार नव्हतं.

"तीसवर पूड आहे, चिमट्यांच्या खुणा आहेत. एकतीसवर दोन्ही नाही. मेस्त्री, हा पत्रा टाकीत गेलेलाच नाही."



"माझो बापूस ह्याच खात्यात मेलो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण हातातला पाना घट्ट धरलेला होता. "तेव्हा पण कोणतरी चौकशीक आयलेला. कागद घेऊन. तुम्ही बाहेर व्हा."

३

गौतम भोईवाड्यातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. मायांनी कुठून आलो ते सांगितल्याबरोबर त्याची आई कौसल्या दारात आडवी उभी राहिली.

"आणखी कोण राहिलंय यायचं? परवा तुमच्या हापिसातला माणूस येऊन सगळ्या चाळीदेखत विचारून गेला, पलंगाखाली काय आहे म्हणून. तुम्ही काय बघणार? डाळीचे डबे?"

"आई, येऊ दे," आतून गौतम म्हणाला. तिशीच्या आतबाहेरचा, दाढी वाढलेली. मायांना त्याने खुर्ची दाखवली, पण स्वतः भिंतीला टेकून उभाच राहिला. "तुम्हाला त्यांनी पाठवलं?"

"यान बांधणाऱ्यांनी."

"फरक काय पडतो?"

"कॅमेऱ्यात काय दिसलं ते सांगितलंस तर पडेल."

त्याने जरा विचार केला. "मागून एक ठिपका बाहेर आला. एकच. पूड नव्हती."

"पूड असायला हवी होती?"

"सातच्या वेगाने गोळी पुढच्या पापुद्र्यावर आपटली की तिचाच भुगा होतो. तो भुगा मधल्या पोकळीत पसरतो, जोर वाटला जातो, मागचा पापुद्रा वाचतो. पण वेग कमी पडला, तीनच्या आसपास, तर गोळी फुटतच नाही. अख्खी आरपार जाते."

"म्हणजे हळू गोळी जास्त वाईट."

"तुमच्या पिस्तुलांत उलटं असेल. इथे असंच आहे. म्हणून नियम आहे, दोन्ही वेगांना पॅनेल टिकलं पाहिजे. त्या दिवशी सातचा शॉट ठरला होता, पण आवाज फुसका आला. रघुवीरकाकांनीही तोंड वाकडं केलं. रिपोर्टमध्ये मात्र सहा पॉइंट नऊ."

"कॅमेऱ्याची फाईल?"

"शुक्रवारी सकाळी उडवलेली होती. म्हणूनच तर कपाट उघडलं. म्हटलं, निदान पॅनेल तरी आहे का बघू. अकरा वाजता."

"होतं?"

"होतं."

"पॅनेल होतं, की डबा होता?"



"पॅनेल हातात घ्यायला दोन सह्या लागतात," तो हळू म्हणाला. "मी डब्यावरचा नंबर बघितला. बंद डबा. कपाट लावून टाकलं."

"उचलून बघितलास?"

"उचलला असता तरी कळलं नसतं. पॅनेल अर्धा किलोसुद्धा नसतं, डबाच जड." त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "म्हणजे मी बघितला तेव्हाच तो..."

"गुरुवारी डबा कोणी भरला?"

तो एकदम भिंतीपासून सुटला. "अक्षदाने. पण तिचं नाव यात घेऊ नका. अख्ख्या लॅबमध्ये ती एकटी मला फोन करते. रोज. जेवलास का विचारते. बाकी एकाने माझा नंबर लावलेला नाही."

४

शनिवारी सकाळी अक्षदा राऊळ स्कॅनिंगच्या खोलीत होती. बत्तीस वर्षांची, लालबागची, केस घट्ट बांधलेले. खोलीत काचेची मोठी टाकी होती. पॅनेल तिच्यातल्या पाण्यात बुडवून अक्षदा ध्वनिलहरींनी त्याच्या आतले तडे शोधायची. टाकीच्या तळाशी एक काळं पॅनेल पडलेलं होतं.

"वीस मिनिटं आहेत माझ्याकडे," ती म्हणाली.

"पुरेत. गुरुवारी एकतीस डब्यात तुम्ही ठेवलंत?"

"हो. सात वाजता. सुखटणकर सर होते, कपाटाला कुलूप त्यांनीच लावलं."

"तुम्ही पॅनेल ठेवताना त्यांनी पाहिलं?"

"त्यांना विचारा."

"काल रात्री फोनवर विचारलं. त्यांनी बंद डबा पाहिला. स्कॅन केलंत त्याचं?"

"नाही. सर म्हणाले गरज नाही."

"माणसं बसणारेत त्या यानात. आणि तुमचं काम स्कॅन करणं."

"माझं काम मला शिकवू नका!" अक्षदाचा आवाज काचेवर आपटला. "तुम्ही पेन्शनवाल्या. दोन दिवस याल, चार प्रश्न विचाराल, जाल. इथून काढलेल्या माणसाला दुसरी लॅब दारात उभी करत नाही. सरांचा एक फोन पुरतो. सगळ्यांचे गुरू आहेत ते."

"गौतमला काढतायत सोमवारी."

ती टाकीकडे बघत राहिली.

"हे टाकीत कोणतं पॅनेल आहे?"

"जुनं. यंत्र जुळवायला ठेवलंय."

"चारी कोपऱ्यांत भोकं आहेत."

"असतात काहींना."

"एकतीसला होती?"

"नाही," अक्षदा म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर टाकीसमोर येऊन उभी राहिली.

तेवढ्यात दार उघडलं. सुखटणकर आले होते, मागे गार्ड.

"मेस्त्रींना तुम्ही खोटारडा म्हणालात. माझ्या माणसांना धमकावलेलं मी चालवून घेणार नाही. तुमचा पास रद्द. मेघना मॅडमना मी कळवतो. हिला गेटपर्यंत सोड."

'हिला' हा शब्द खोलीत तसाच राहिला. गार्डलाही तो खटकला असावा, कारण त्याने मान खाली घातली. मायांनी पर्समधून फोन काढला, एक नंबर लावला आणि फोन हातातच धरून चालू लागल्या. सुखटणकर मागोमाग आले, त्यांना बाहेर घालवल्याची खात्री करायला. अक्षदाही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

स्वागतकक्षात माया थांबल्या. चोवीस पॅनेलांची भिंत. आज त्या भिंतीच्या अगदी जवळ गेल्या आणि एकेका पॅनेलच्या कोपऱ्याला बोट लावत सरकत निघाल्या.

"बाई, गेट त्या बाजूला आहे," सुखटणकर म्हणाले.

तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या पॅनेलवर बोट थांबलं.

५

"सगळ्यांना चार चार स्क्रू आहेत," माया म्हणाल्या. "याला एकही नाही."

गार्ड पुढे सरकला.

"थांब. मेघना मॅडम फोनवर आहेत. कॅमेरा चालू आहे."

"मी बघतेय," फोनमधून आवाज आला. "लोखंडेबाई, चालू द्या."

मायांनी पॅनेलच्या दोन्ही कडा धरून ओढलं. दुहेरी चिकटपट्टी चरचरत सुटली. त्यांनी ते उलटं केलं. जी बाजू भिंतीला लागलेली होती तिच्या मधोमध एकच गोल भोक होतं, आणि कडेला कोरलेला आकडा: एकतीस.

सुखटणकरांचा चेहरा आधी उजळला. मायांच्या ते लक्षात आलं. आठ दिवस शोधलेली वस्तू सापडल्याचा तो आनंद होता, निव्वळ. मग त्यांना मागचं भोक दिसलं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी पुढचं वाक्य ठरवलं.

"ड्रिल मारलंय! त्या तांबेने. माझं पॅनेल नापास दाखवायला त्याने नंतर भोक पाडलं आणि इथे लपवलं. मॅडम, बघितलंत?"

"भोकं वाचायचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलंय," माया म्हणाल्या. "ड्रिलने धागे कापले जातात, कड साफ येते. इथे बघा, पुढच्या भोकाचे धागे बाहेर उलटलेत, गोळी जिकडून आली त्या बाजूला. आघाताच्या झटक्यानेच असं होतं. मागच्या भोकाचे धागे मागे फाटलेत. आणि मधल्या पोकळीतल्या जाळीत," त्यांनी पॅनेल उजेडात तिरकं केलं, "गोळीच्या कडेचे वितळलेले ॲल्युमिनियमचे बारीक थेंब चमकतायत. ड्रिलने धातू आणून वितळवून ठेवता येत नाही. शिवाय मागचं भोक एकच आहे, गोळीच्याच मापाचं. गोळी फुटलीच नाही. म्हणजे वेग सहा पॉइंट नऊ नव्हता."

"तुम्ही पिस्तुलं बघितलीयत, बाई. हे वेगळं शास्त्र आहे."

"म्हणून ज्याला येतं त्याच्याकडून कालच शिकून घेतलं. त्यालाच तुम्ही काढताय."

साचाखात्याच्या दारात रघुवीर मेस्त्री येऊन उभे होते.

"पॅनेल कोणी लपवलं ते सांगते," माया म्हणाल्या. "सुखटणकर, पहिला संशय तुमच्यावरच होता. पॅनेल नसलं की रिपोर्ट तरतो. पण स्वतः लपवलेली वस्तू शोधायला कोणी छत फोडून हात सोलून घेत नाही. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. गौतमकडे असतं तर आठ दिवस बदनामी सोसत तो बसला नसता, पहिल्याच दिवशी मॅडमपुढे धरलं असतं. मेस्त्री गुरुवारी सहालाच निघाले, गेटच्या वहीत आहे, आणि शुक्रवारी रजेवर होते. सगळे त्या चावीच्या मागे लागले. चावीचा संबंधच नव्हता. गुरुवारी सातला कपाटात डबा गेला तो रिकामाच गेला. ह्या भिंतीवरचं जुनं पॅनेल उतरवून कुठेतरी ठेवायला हवं होतं, आणि पॅनेल पडलेलं कोणाला खटकणार नाही अशी लॅबमध्ये एकच जागा. पाण्याची टाकी. कोपऱ्यांतली स्क्रूची भोकं मात्र बुजवता आली नाहीत."

कोणी अक्षदाकडे बघायच्या आत ती पुढे आली.

"मी," ती म्हणाली. "मी लावलं तिथे."

६

सुखटणकर तिच्यावर धावून गेले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तुला मी घडवली."

"म्हणूनच सर." अक्षदा त्यांच्याकडे बघूनच बोलत होती. "शॉट झाल्यावर तुम्ही मला पॅनेल दिलंत आणि म्हणालात, स्कॅन नको, उद्या दुपारी कापून टाक, छेद बघू. नेहमीचंच काम. पण मी मागची बाजू बघितली होती. कापलं की भोक राहत नाही, चकत्या राहतात. गेटबाहेर नेता येणार नव्हतं. रिसेप्शन साडेसहाला रिकामं होतं. मग इथे लावलं. सगळे बघतात म्हणून कोणी बघत नाही."

"आणि मला द्यायचं ठरवलं होतंस?" फोनमधून मेघनांनी विचारलं.

"सोमवारी तुमचा माणूस यायचा होता. तोवर कापायचं काम लांबवणार होते. पण शुक्रवारीच कपाट उघडलं गेलं, आणि शनिवारी गौतम..." तिने वाक्य सोडलं. "मग मला भीती वाटली. आता बोलले तर चोर मीच. रोज वाटायचं उद्या सांगू."

मेस्त्री दारातून दोन पावलं आत आले. त्यांनी मायांकडे बघितलं नाही, फोनकडे बघून बोलले.

"तीन पॉइंट दोन. मीटरवर मी वाचलंय. पिस्टनचं सील गेलेलं. खरा पत्रा भोक पडलेला, तो सरांनी नेला, नवीन आणून दिला. म्हणाले, ह्याच्यावर नंबर टाक. मी टाकला. साठ झाली मला, दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. सही त्यांची." त्यांनी पाना स्वागतकक्षाच्या टेबलावर ठेवला. "फाईल मी नाय उडवली. ती त्यांनीच."

"मूर्ख आहात सगळे!" सुखटणकर ओरडले. मघाचा सगळा ताठा त्या ओरडण्यात गेला. "सातच्या वेगाला ते पॅनेल पास होतं! मला माहीत आहे, माझं आहे ते! सील फुटलं ही तोफेची चूक. एका फुसक्या शॉटपायी अकरा वर्षं फेकून द्यायची?"

"पुन्हा मारायचा होता शॉट," माया म्हणाल्या. "सातचाही आणि तीनचाही."

"तीनला..." ते बोलले आणि अडकले.

"तीनला टिकत नाही, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. वरचे तुकडे तुमच्या सोयीचा वेग घेऊन येणार नाहीत, सुखटणकर. त्या मागच्या पापुद्र्याला पाठ लावून माणसं बसणार होती."

"रिपोर्ट मी थांबवलाय," मेघना म्हणाल्या. "लोखंडेबाई, माझा माणूस तासाभरात पोहोचतोय. तोवर पॅनेल हातातून सोडू नका. सुखटणकर, तुमच्या खोलीत जाऊ नका. कॉम्प्युटरला हात लावू नका. गार्ड, ऐकताय ना?"

गार्डने मान हलवली आणि तो सुखटणकरांच्या आणि त्यांच्या खोलीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्या माणसाला आपल्याच लॅबमध्ये कुठे उभं राहावं ते कळेना. शेवटी ते पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले, भिंतीवरच्या त्या रिकाम्या चौकोनासमोर.

माया तासभर पॅनेल धरून उभ्या होत्या. मेस्त्रींनी आतून स्टूल आणून त्यांच्या मागे ठेवलं.

७

दुपारी चारला माया आणि अक्षदा भोईवाड्याच्या चाळीचे जिने चढल्या. अक्षदाला यायचं होतं. प्रत्येक मजल्यावर मात्र ती थांबत होती.

बातमी आधीच पोहोचली होती. मेघनांनी गौतमला स्वतः फोन केला होता. कौसल्येने मायांना आत घेतलं, खुर्ची पुसून दिली. अक्षदा उंबऱ्याबाहेर थांबली. तिला आत ये म्हणायला कोणी पुढे झालं नाही. गौतम दारापाशी आला.

"सोमवारपासून ये म्हणालेत," तो म्हणाला. आनंदाचं काही नव्हतं आवाजात.

"गौतम, मी तुला पहिल्याच दिवशी..."

"माहीत होतं ना तुला? मी घेतलं नाही ते."

"हो."

"पोलिसात देणार होते मला. माहीत होतं?"

"हो."

"आणि तू रोज फोन करून विचारायचीस, जेवलास का."

अक्षदा रडायला लागली. शेजारच्या दोन दारांत माणसं येऊन उभी राहिली. आठ दिवस ही माणसं याच घराकडे बघत होती, आजही बघत होती.

"पॅनेल वाचवलंस," गौतम म्हणाला. "ते चांगलंच केलंस. यानात बसणारी माणसं वाचतील, त्यांची नावंसुद्धा तुला माहीत नाहीत. माझं नाव तर माहीत होतं."

ती कठड्याला टेकली.

"लॅबमध्ये शॉटचं बोलू. लागेल तेवढंच. फोन करू नकोस."

"नाही करत," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली. एवढा वेळ खुर्चीत बसलेल्या माया उठल्या.

"तिने पॅनेल लपवलं नसतं," त्या गौतमला म्हणाल्या, "तर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या चकत्या झाल्या असत्या. मग तुझं खरं होतं हे मला कधीच दाखवता आलं नसतं. तेवढं लक्षात ठेव."

"ठेवीन," तो म्हणाला. "दोन्ही ठेवीन."

कौसल्या कठड्यापाशी जाऊन खाली बघत होती. अक्षदा चौकातून जात होती, हाताच्या पंजाने तोंड पुसत. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी तिला वाट करून दिली.

"पाणी तरी द्यायचं होतं रे," कौसल्या म्हणाली.

माया निघाल्या. त्या पहिला जिना उतरल्या असतील नसतील, तोच वर दार लावल्याचा आवाज आला. चाळीत दिवसाउजेडी दार कोणी लावत नाही. गौतमने लावलं, आतून कडी घातली, आणि गॅलरीत उभी असलेली माणसं एकेक करून आपापल्या घरात गेली.